मुकाट बसणे आणि रमून बसणे
(बालशिक्षणाच्या इतिहासातील काही पाने)



लहान मूल शांत बसले की घरातील मोठ्या माणसांना हायसे वाटते. अब्बांची नमाजची वेळ झालेली असते, दादीचा नुकताच डोळा लागलेला असतो, थोरली बहीण दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करीत असते आणि घराच्या खोल्या तर दोनच! अशा वेळी तीन-चार वर्षांच्या मुलाला गप्प करण्याचे दोन उपाय आपल्याकडे रूढ आहेत. जुना उपाय डोळे वटारण्याचा आणि नवा उपाय हातात मोबाईल देण्याचा. दोन्ही उपायांनी मूल मुकाट बसते यात संशय नाही. परंतु मुकाट बसणे वेगळे आणि रमून बसणे वेगळे. पहिल्या प्रकारात मुलाचे हात व डोके दोन्ही थांबलेले असतात, तर दुसऱ्या प्रकारात दोन्ही कामाला लागलेले असतात म्हणून तोंड बंद असते.

हा फरक ज्यांनी ओळखला आणि घरच्या घरी मुलांना रमविण्याच्या युक्त्या शोधल्या, त्यांचा इतिहास आमच्या शालेय पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. तेथे लढाया व तह असतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो आपणांसमोर थोडक्यात ठेवीत आहे.

खेळातून अक्षरओळख ही कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन शिक्षक क्विंटिलियन याने लहान मुलांना खेळण्यासाठी हस्तिदंती अक्षरे द्यावीत, असे लिहून ठेवले आहे. आपल्या देशात हस्तिदंत कोणाला परवडणार? येथे धूळपाटी होती. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर गिरवायचे आणि हात फिरवून पुसून टाकायचे. मकतबातील लाकडी तख्तीदेखील अशीच धुऊन पुन्हा वापरता येई. चुकले तरी काही बिघडत नाही, ही सोय या दोन्ही साधनांत होती. आजच्या छापील वहीत ती नाही, हे मला नेहमी जाणवते.

आपल्यापैकी काहींची अशी समजूत असते की मुलांचे खेळ हे पाश्चात्यांचे फॅड आहे आणि आपल्या परंपरेत फक्त पाठांतर होते. त्यांनी इमाम गझाली (१०५८–११११) यांचे ‘इह्या उलूमुद्दीन’ पाहावे. मकतबातून सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा म्हणजे त्याचा शीण जाईल, सतत अभ्यासालाच जुंपले तर त्याचे मन मरते, बुद्धी बोथट होते व तो सुटकेसाठी निमित्ते शोधू लागतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. पुढे इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात, कडक शिक्षेमुळे मुले, विशेषतः लहान मुले, आळशी बनतात आणि खोटे बोलायला व कपट करायला शिकतात, असे बजावले. डोळे वटारण्याच्या उपायावर सहाशे वर्षांपूर्वी दिलेला हा निकाल आहे.

युरोपात या विषयाची पद्धतशीर मांडणी करणारा पहिला मोठा माणूस म्हणजे कोमेनियस. तीस वर्षांच्या युद्धात परागंदा झालेल्या या मोरावियन धर्मगुरूने सहा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला ‘आईची शाळा’ असे नाव दिले. त्यावरील त्याचे पुस्तक १६३३ साली जर्मन भाषेत छापले गेले. १६५८ मध्ये त्याने मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले. त्यात भाकरी भाजणारा, कोळी, शिंपी, बागवान अशा एकेका विषयाचे एकेक चित्र होते. चित्रातील वस्तूंना आकडे आणि खाली त्या त्या आकड्यापुढे वस्तूची माहिती. एक विषय घ्यायचा आणि त्याच्याभोवती भाषा, निरीक्षण, गणन सारे गुंफायचे, ही पद्धत आज बालवाडीत सर्रास वापरतात. तिचे मूळ बरेचसे येथे आहे.

इंग्लंडमध्ये जॉन लॉक याने १६९३ च्या ग्रंथात अक्षरे चिकटविलेल्या फाशांचा खेळ सुचविला. त्यानंतर १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने लाकडावर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला आणि तुकडे विकायला ठेवले. मुलांनी तुकडे जुळवायचे व भूगोल शिकायचा. आज बाजारात मिळणारी चित्रकोडी याच वंशातील आहेत. जुन्या दिनदर्शिकेवरील महाराष्ट्राचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कात्रीने जिल्हे कापले तर हेच साधन घरी फुकट तयार होते. आठवीची मुलेदेखील त्यात गुंग होतात, हे मी वर्गात पाहिले आहे.

आता ज्या व्यक्तीविषयी मला अधिक विस्ताराने सांगायचे आहे, ती व्यक्ती खरी नव्हे, कादंबरीतील आहे. स्वित्झर्लंडचा शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी याने १७८१ साली ‘लिनहार्ड आणि गेरट्रूड’ ही कादंबरी लिहिण्यास आरंभ केला. गेरट्रूड ही एका गवंड्याची बायको. नवरा व्यसनी, घरात दारिद्र्य, पदरात मुले. सूत कातून ती संसार चालविते आणि ते काम चालू असतानाच मुलांना शिकविते. मुलांनी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतची पावले मोजायची. कातताना धागे मोजायचे, गुंडाळताना फेरे मोजायचे. खिडकीला पाच पाच काचा असत, त्यांवरून दशकाची कल्पना द्यायची. पाटी नाही, पुस्तक नाही, शिकवणी नाही. काम थांबत नाही आणि मूलही रिकामे राहत नाही.

भगिनींनो, गेरट्रूडकडे आपण जरा लक्षपूर्वक पाहावे असे मला वाटते. पालकसभेत आई म्हणते, ‘गुरुजी, मी सातवीपर्यंतच शिकले, मी काय शिकवणार?’ वडील म्हणतात, ‘खेळणी आणायला पैसा कुठून आणू?’ पेस्टालॉझीने ही गोष्ट लिहिली त्या काळीही गरिबांच्या घरांत हेच प्रश्न होते. त्याने जाणूनबुजून शिकलेली, सुखवस्तू आई निवडली नाही, पोटासाठी राबणारी आई निवडली. पुढे १८०१ मध्ये त्याने आपल्या शिक्षणपद्धतीवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातही गेरट्रूडच होती.

या पेस्टालॉझीकडे १८०८ साली इव्हरडन येथे एक जर्मन तरुण राहण्यास गेला. त्याचे नाव फ्रीड्रिश फ्रोबेल. जन्म १७८२ चा, थुरिंगिया प्रांतातला. वर्षाचाही झाला नव्हता तोच त्याची आई वारली. पुढे सावत्र आई आली, वडील धर्मोपदेशक व नेहमी कामात. पंधराव्या वर्षी तो वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. नंतर बर्लिनमध्ये काही काळ त्याने स्फटिकांचा अभ्यास केला. आईवाचून वाढलेल्या या माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध आई व मूल यांच्या खेळांसाठी वाहिला. स्फटिकांचे नियमबद्ध आकार त्याच्या डोळ्यांसमोर होते, त्यांतूनच त्याची प्रसिद्ध साधने घडली.

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांच्या साधनांसाठी संस्था काढली. साधनांना तो ‘देणगी’ म्हणत असे. पहिली देणगी रंगीत लोकरीचे सहा मऊ चेंडू, प्रत्येकाला दोरी. दुसरी लाकडी गोल, घन व नळकांडे. तिसऱ्या देणगीत एका पेटीत आठ लहान घन, ते जुळविले की एक मोठा घन होतो. चौथीत तसाच घन आठ विटांचा. पुढच्या देणग्यांत तुकडे वाढत जातात. याशिवाय कागदाच्या घड्या घालणे, कागदी पट्ट्या चटईसारख्या विणणे, टोचून चित्र काढणे, काड्यांनी आकृती मांडणे, मातीकाम अशी हातकामे. यातले एकही काम असे नाही की ज्याने शेजारच्या खोलीतील झोपलेले माणूस उठेल!

१८४० मध्ये त्याने आपल्या कामाला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांचा बगीचा’ असे नाव दिले. आपल्या मराठीतील ‘बालवाडी’ हा शब्द या बाबतीत फार समर्पक आहे. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागच की! १८४४ मध्ये त्याने मातांसाठी गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे सचित्र पुस्तक काढले. आईने मुलाला मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कबुतराचे खुराडे करायचे, सुताराची करवत चालवायची, पाव भाजायचा. आपल्या आज्या-नान्या बोटे मोजीत व तळहातावर गुदगुल्या करीत जे खेळ खेळत आल्या, त्याच जातीचे हे खेळ. फरक इतकाच की फ्रोबेलने त्यांना शास्त्राचा मान दिला.

अशा निरुपद्रवी माणसाला सरकारने काय बक्षीस दिले? ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. ती नास्तिकता व समाजवाद पसरवितात, असा आरोप होता. खरे म्हणजे फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या एका पुस्तिकेमुळे घोटाळा झाला होता. काका-पुतण्यांतला फरक लक्षात आणून दिल्यावरही सरकार हटले नाही. पुढच्याच वर्षी, जून १८५२ मध्ये, फ्रोबेल मरण पावला. बंदी उठली ती १८६० मध्ये. रंगीत चेंडू व लाकडी ठोकळे यांची एका बलाढ्य राज्याला धास्ती वाटावी, ही इतिहासातील एक गंमतच म्हणावयाची.

बंदीमुळे एक गोष्ट मात्र घडली. जर्मनी सोडून गेलेल्या लोकांबरोबर ही पद्धत समुद्रापार गेली. १८५६ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाऊन गावी मार्गारेट शुर्झ या जर्मन बाईने स्वतःची मुलगी व नात्यातील मुले यांना आपल्या घरीच फ्रोबेलचे खेळ शिकविण्यास सुरुवात केली. अमेरिकेतील किंडरगार्टनचा इतिहास या घरापासून सुरू होतो. नंतर ही साधने कारखान्यांत तयार होऊ लागली, पेट्यांतून विकली जाऊ लागली. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ती पाहून एका आईने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी आणली. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. ते लाकडी ठोकळे आपल्या बोटांत आयुष्यभर राहिले, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

परंतु सर्वत्र असे झाले नाही. साधने विकत आली आणि त्यांच्यामागची दृष्टी मागे राहिली. पुष्कळ ठिकाणी बाई सांगतील त्याच क्रमाने, सगळ्या मुलांनी एकाच वेळी ठोकळा उचलायचा आणि एकाच वेळी ठेवायचा, अशी कवायत सुरू झाली. म्हणजे खेळ गेला आणि पुन्हा मुकाट बसणेच आले. महागडे ‘शैक्षणिक खेळणे’ विकत घेऊन मुलाच्या डोक्यावर उभे राहणाऱ्या पालकांनी हा भाग विसरू नये.

ही कवायत मोडण्याचे श्रेय पुष्कळ अंशी डॉ. मारिया माँटेसोरी यांना आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत त्यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. आईबाप कामावर गेल्यावर चाळीत धुडगूस घालणारी तीन ते सहा वर्षांची मुले ही त्यांची विद्यार्थी. एकदा त्यांनी पाहिले की तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसविण्यात दंग आहे. आजूबाजूच्या मुलांना गाणे म्हणावयास लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने दट्टे मांडीवर घेतले आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तेच केल्यावर ती थांबली आणि झोपेतून ताजीतवानी होऊन उठावी तशी आनंदाने इकडेतिकडे पाहू लागली. लहान मुलाचे चित्त ठरत नाही, हे आपले पालुपद ऐकून घ्यायला ती मुलगी रिकामी नव्हती!

दुसरी हकीकत त्यांच्या ‘शांततेच्या खेळा’ची. एके दिवशी त्या चार महिन्यांचे तान्हे बाळ घेऊन वर्गात आल्या. हे बाळ किती शांत आहे, त्याचा श्वासही ऐकू येत नाही, तुम्हांला इतके शांत राहता येईल का, असे त्यांनी मुलांना विचारले. मुलांनी हातपाय स्थिर केले, श्वास हळू केला. कधी लक्षात न येणारे बारीक बारीक आवाज त्या खोलीत ऐकू येऊ लागले. पुढे हा नेहमीचा खेळच झाला. शेजारच्या खोलीतून बाई एकेकाचे नाव कुजबुजत घेत आणि ज्याचे नाव येई तो पावलांचा आवाज न करता तिकडे जाई. शांतता ही शिक्षा न राहता जिंकण्याची वस्तू झाली. पालकहो, या खेळाला पै-पैसा लागत नाही.

त्याच १९०७ साली बेल्जियममध्ये डॉ. डेक्रोली यांनी ब्रुसेल्स येथे शाळा काढली. अन्न, थंडी-पावसापासून रक्षण, संकटापासून बचाव व काम या मुलाच्या गरजांभोवती सारे विषय गुंफावेत, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगाभोवती विषय गुंफण्याची ‘समवाय’ पद्धती मांडली, तिच्याशी या विचाराचे नाते सहज दिसते.

झाकीर हुसेनसाहेबांचे नाव आले म्हणून आणखी एक आठवण सांगणे आवश्यक आहे. ते १९२० च्या दशकात बर्लिनला शिकत असताना गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू तरुणीशी त्यांचा स्नेह जमला. हिटलरच्या उदयाच्या सुमारास ती दिल्लीला आली आणि जामिया मिल्लियाच्या लहान मुलांत रमली. मुले तिला ‘आपाजान’ म्हणत. महायुद्धात शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून तिला स्थानबद्धही केले गेले. १९४३ मध्ये तिचे निधन झाले. जामियाच्या कब्रस्तानात तिची कबर आहे. फ्रोबेलच्या देशातील एक बाई आपल्या मुलांना खेळविता खेळविता येथल्या मातीत विसावली, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

माँटेसोरीबाई स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या व युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. पण त्यांचा विचार त्याआधीच भावनगरला पोहोचला होता. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाची चिंता लागली आणि त्या चिंतेपोटी वाचता वाचता वकिली सुटली. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. भरघोस मिशांचा हा माणूस मुलांत इतका मिसळे की लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणू लागले. १९२३ मध्ये मुंबईच्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

ताराबाईंना लवकरच उमगले की परदेशी धर्तीची महागडी साधने शहरातील मोजक्या मुलांनाच मिळणार. १९४५ मध्ये त्या बोर्डी या गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तेथे अनुताई वाघ त्यांना सामील झाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीत दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा जन्माला आला. शिंपले, खडे, बिया, पाने, माती ही साधने. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम सुरू झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येणार कशी? मग शाळा कुरणावर गेली, तिचे नाव ‘कुरणशाळा’. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि बोर्डीचा तो शब्द देशभर गेला. अनुताई १९९२ पर्यंत हयात होत्या.

अंगणातली ही पद्धत आपल्या ओटीवर किंवा स्वयंपाकघरात आणणे कठीण नाही. समजा, आठवडाभर ‘तांदूळ’ हाच विषय घेतला. पहिल्या दिवशी मुलाने सुपात तांदूळ व भात वेगळे करावेत. दुसऱ्या दिवशी ताटात पीठ पसरून त्यावर बोटाने अक्षर काढावे, ही आपली जुनी धूळपाटीच झाली. चार वाट्यांत तांदूळ, वाल, चवळी, चिंचोके निवडण्यात अर्धा तास सहज जातो. भाकरीचा लहान गोळा त्याच्या हाती द्यावा. भात कोठे पिकतो, शेतात पाणी का साठवितात, हे दादाजींनी सांगावे, आणि ते उर्दूत सांगोत, मराठीत सांगोत वा आपल्या घरच्या कोकणी बोलीत सांगोत, मुलाची भाषा वाढतेच. फक्त दोन पथ्ये पाळावीत. मुलाचे काम चालू असताना मध्येच ‘हे असे नाही, असे’ म्हणून हात घालू नये. आणि खेळ संपल्यावर चटई गुंडाळून वाट्या जागेवर ठेवण्याचे काम त्याचेच, हा माँटेसोरीबाईंचा दंडक घरातही चालवावा.

तीन वर्षांच्या मुलाकडून पानभर अक्षरे लिहून घेणारे पालक मला दरवर्षी भेटतात. प्रवेशाच्या धास्तीने ते तसे करतात, हे मी समजू शकतो. पण पेन्सिल धरणारी बोटे आधी निवडण्याने, विणण्याने, माती मळण्याने तयार होतात, हे फ्रोबेलपासून अनुताईंपर्यंत सर्वांनी कृतीने दाखविले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा ठरवून त्यात खेळाला मुख्य स्थान दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ‘जादुई पिटारा’ नावाचा संच काढला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्रे, गोष्टींची पुस्तके आहेत. तो तेरा भारतीय भाषांत केला आहे.

तो संच हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शिवणयंत्राच्या खणात रिकामी रिळे, रंगीत चिंध्या, लेसचे तुकडे असतातच, तेवढे एका डब्यात भरून ठेवावे. त्याच खणातील बटणे मात्र, तसेच वर सांगितलेले वाल व चिंचोके, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या हाती देऊ नयेत आणि त्यानंतरही कोणीतरी मोठे माणूस जवळ बसलेले असावे. अशा बारीक वस्तू नाका-तोंडात जातात.